चिलखती तलवारबाजीची संस्था काढायची, तर आधी पंच उभे करा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही अकरा पोट्टे आहोत. काही दांडपट्टा शिकलेले, बाकीचे कबड्डीचे. युरोपात लोखंडी चिलखत घालून बोथट तलवारींनी जे सामने होतात, ते आम्हाला इथं सुरू करायचे आहेत. सभासद करून, वर्गणी घेऊन, रीतसर संस्था काढायची आहे. नोंदणी कशी करायची, तलवारींना परवानगी लागते का, चिलखत कुठून आणायचं, आणि या हिवाळ्यात शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत पहिली स्पर्धा घेता येईल का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. या हिवाळ्यात स्पर्धा घेऊ नका. सराव करा, संस्थेची घटना म्हणजे नियमावली लिहा, नोंदणीचा अर्ज टाका आणि पंच तयार करा. स्पर्धा पुढच्या हिवाळ्यात. हे ऐकायला जड जाईल, कारण पोरांच्या अंगात रग आत्ता आहे आणि वर्षभर ती टिकेल की नाही याची तुम्हाला धास्ती असणार. पण मी दांडपट्ट्याच्या आखाड्यातून या खेळात आलो आणि लढण्यापेक्षा पंच म्हणूनच जास्त उभा राहिलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: ही संस्था लढणाऱ्यांच्या जोरावर चालत नाही, लढत थांबवू शकणाऱ्यांच्या जोरावर चालते. लढायला तयार असलेली पोरं कोणत्याही गावात एका संध्याकाळी मिळतात. सरपंच, देणगीदार आणि हजार माणसं बघत असताना "हा टोप चालणार नाही, तू उतरू नको" असं सांगणारा आणि त्या शब्दावर ठाम राहणारा माणूस घडवायला वेळ लागतो.

याला कायद्याचाही आधार आहे. भारतीय न्याय संहितेचं 25 वं कलम काढून वाचा. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधी दंड संहितेत हेच कलम 87 क्रमांकाचं होतं. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतः संमती दिली असेल, मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, आणि तसं घडण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसेल, तर त्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. या कलमाखाली कायद्याने दिलेलं उदाहरणच तलवारबाजीचं आहे. दोघं जण करमणुकीसाठी आपसात तलवारीचे हात करायचं ठरवतात. खेळात कपट न करता एकाच्या हातून दुसऱ्याला लागलं, तर तो गुन्हा नाही.

आता या कलमातल्या अटी एकेक करून बघा. अठरा वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुमच्या अकरांपैकी जे बारावीत आहेत ते पोलादाला हात लावणार नाहीत. आईबापाची चिठ्ठी आणली तरी नाही. खेळ कपटाविना झाला पाहिजे, म्हणजे कपट कशाला म्हणायचं हे आधी लिहिलेलं हवं आणि ते ठरवणारा माणूस मैदानात हवा. तिसरी अट सगळ्यात अवघड. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीत येतं. पातळ हातमोजे घालून कुणी उतरला आणि बोटं मोडली, तर "आम्हाला काय माहीत" हे संस्थेला म्हणता येणार नाही. चिलखताची तपासणी, लेखी नियम आणि पंच, या तिन्ही गोष्टी जागेवर असतील तर तुमचा खेळ हा खेळ राहतो. त्यातली एक जरी नसली, तर ठाण्यातल्या नोंदीत ती मारामारीच असेल.

खेळाचा प्रकार कोणता निवडायचा, हे नोंदणीच्या आधी ठरवा. जगात याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक अमेरिकेतली. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम या संस्थेची सुरुवात झाली. तिथं चिलखत खरं असतं, पण तलवार जाड वेताची. किमान सव्वा इंच व्यासाची. घाव बसला की नाही, हे ज्याला लागला तोच प्रामाणिकपणे सांगतो. दुसरी वाट पूर्व युरोपातून आली. तिथं बोथट पोलादी हत्यारं, पाच-पाच जणांचे किंवा त्याहून मोठे संघ, आणि घाव मोजण्याऐवजी पाडणं. दोन पाय सोडून तिसरा कोणताही भाग जमिनीला टेकला की गडी बाद. याला बुहुर्त म्हणतात. 2010 मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. 2014 मध्ये स्पेनमधल्या बेल्मोंतेच्या किल्ल्यावर वेगळ्या महासंघाने जागतिक स्पर्धा भरवली. तुम्ही मोबाइलवर जे बघितलं ते बहुतेक हेच असणार.

तुमच्या पोट्ट्यांना दुसरी वाट आवडणार, कारण त्यात कबड्डीची पकड आणि कुस्तीचा डाव दोन्ही उपयोगी पडतात. तरीही पहिलं वर्ष वेतावरच काढा. वेताने खेळताना अंतर, पाय आणि ढाल यांचा हिशोब अंगात मुरतो आणि पंचालाही डोळा येतो. एक ताकीद मात्र: वेताऐवजी बांबू घेऊ नका. आपल्याकडे बांबू लागेल तेवढा मिळतो, म्हणून मोह होतो. पण बांबू उभा चिरतो, त्याची कामटी सुईसारखी निघते आणि टोपाच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते. नागपुरात वेताचं फर्निचर बनवणाऱ्यांकडे भरीव जाड वेत मिळतो. तो घ्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. दुसऱ्या वर्षी पोलादी तलवारीने एकास एक लढती. संघांच्या लढती त्यानंतर, आणि त्याही पंच समितीने हो म्हटलं तरच.

चिलखताविषयी लोक टोपापासून सुरुवात करतात. मी आतल्या गादीपासून करतो. पोलाद धार अडवतं, मार मात्र गादीच शोषते. युरोपात या रजईसारख्या अंगरख्याला गॅम्बेसन म्हणतात. आपल्याकडेही बख्तराखाली जाड रुईदार अंगरखा घालायचेच. यवतमाळ जिल्ह्यात बसून ही गादी बाहेरून मागवायची गरज नाही. पण नुसती रुई भरून गादीवाल्याकडून शिवून घेतली, तर दोन-चार वेळा घाम येऊन आणि धुऊन रुई कोपऱ्यात गोळा होते. खांदा मोकळा पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या सुती धोतरा-लुगड्यांचे थरावर थर घालून, दोन-दोन बोटांवर उभे धावदोरे टाकून शिवलेली गादी टिकते. गोधडी शिवणाऱ्या बायका हे काम कोणत्याही कारखान्यापेक्षा चांगलं करतात. त्यांना मजुरी रोख द्या, आणि खांदा, कोपर आणि मांडी इथं थर वाढवायला सांगा.

टोपाला 14 गेजचा पत्रा घ्या. साध्या पोलादात तो साधारण 2 मिलिमीटर भरतो; गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. वेताच्या खेळाला अमेरिकेतल्या त्या संस्थेने 16 गेजची किमान मर्यादा ठेवली आहे, पण तुम्ही पुढे पोलादाकडे जाणार, तर पहिल्यापासूनच जाड घेतलेलं बरं. तोंडावरच्या जाळीतून 1 इंच व्यासाचा दांडा आत जाता कामा नये, हा त्यांचा नियम तसाच्या तसा उचला. पोलादी लढतीसाठी जाळी त्याहूनही बारीक हवी. देहरादून आणि मेरठकडचे कारखाने परदेशातल्या हौशी मंडळांना चिलखतं पुरवतात, पण त्यातला बराच माल शोभेचा आणि पातळ असतो. फोटो बघून मागवू नका. पत्र्याची जाडी लिहून घ्या आणि माल आल्यावर स्वतः मोजा. तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मांडीचे, नडगीचे आणि खांद्याचे पत्रे चांगले होतात. हातमोजे मात्र अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, त्यात काटकसर नको. या खेळात सगळ्यात आधी जातात ती बोटं.

सुरुवातीला प्रत्येकाला स्वतःचं चिलखत परवडणार नाही, आणि तशी अट घातली तर पैसेवाल्यांचीच संस्था होईल. वर्गणीतून संस्थेच्या मालकीचे मोजके संच करा, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक ठोका आणि नोंदवहीत कोणी कधी घातला, काय तुटलं, कोणी दुरुस्त केलं ते लिहा.

तपासणी कशी होते ते एकदा नीट सांगतो, कारण संस्थेचा सगळा जीव तिथं आहे. एका तालुक्याच्या मैदानावर मी बघितलेली गोष्ट आहे. लढवय्या तयार होऊन आला. गावातल्या मोठ्या देणगीदाराचा पुतण्या. पंच पंचविशीतला, पेशाने मोटार वाइंडिंग करणारा. त्याने आधी टोप दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवला. टोप डोक्याबरोबर फिरला, म्हणजे आतली गादी बरोबर. मग हनुवटीखालच्या पट्ट्यात बोट घालून बघितलं. शेवटी तळहात जाळीच्या खालच्या कडेला लावून टोप वर रेटला, तर तो सरकून कड ओठांवर आली. पट्टा आवळलेला होता, पण पट्ट्याची एक रिव्हेट ढिली होती आणि जोर आला की पट्टा तिथून लांबत होता. माइकवर नाव पुकारून झालं होतं, पाहुणे उभे राहिले होते. पंच म्हणाला, "रिव्हेट बदलून आण, मग बघू." देणगीदार स्वतः खाली उतरला. पंचाने त्याला नमस्कार केला, वहीत 'नापास, हनुवटीचा पट्टा' असं लिहिलं, वेळ टाकली, सही केली आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

त्या पोराच्या मागे घटनेतलं एक कलम उभं होतं, म्हणून तो हे करू शकला. तुमच्या घटनेत हे कलम पहिल्या दिवसापासून असू द्या: पंच समिती स्वतंत्र, सर्वसाधारण सभेने निवडलेली, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष किंवा देणगीदार तिच्यात नाहीत, लढतीच्या दिवशी पंचाचा निर्णय कार्यकारिणी फिरवू शकत नाही. तक्रार असेल तर ती नंतरच्या सभेत लेखी द्यायची. तपासणीच्या वहीत पंचाची सही नसेल तर लढत नाही. आणि "थांबा" हा शब्द पंच, लढणारा किंवा कडेला उभा असलेला कोणताही सभासद उच्चारू शकतो. तो ऐकताच सगळ्यांनी जागच्या जागी हत्यार खाली करायचं. "थांबा" म्हटल्यावर पडलेला एकही घाव चुकून पडला असं मानायचं नाही, मारणाऱ्याला त्या दिवसापुरतं बाहेर. हा नियम सरावातसुद्धा, दर वेळी. सरावात सैल सोडला तर स्पर्धेत तो कुणीच पाळत नाही.

पोलादी लढतीचे बाकीचे नियम फार लांबवू नका. खुपसणं पूर्ण बंद. मानेचा मागचा भाग, गुडघ्याची मागची बाजू, पावलं आणि जांघ इथं घाव बंद. पडलेल्यावर घाव बंद. पात्याची कड किमान 2 मिलिमीटर जाड आणि कोपरे गोल. पंच लढतीआधी पातं स्वतःच्या तळहातावरून ओढून बघतो, कारण पोलाद पोलादावर आपटून त्याला टवके पडतात आणि त्या टवक्यांना करवतीसारखी धार असते. कानस जवळ ठेवा.

आता नोंदणी. आपल्याकडे अशी संस्था संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हीखाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून नोंदवतात. किमान सात सभासद लागतात, तुम्ही अकरा आहात. उद्देशांत फक्त स्पर्धा लिहू नका. शारीरिक शिक्षण, पारंपरिक शस्त्रविद्येचं प्रशिक्षण आणि पंचांचं प्रशिक्षणही लिहा. नावात 'राष्ट्रीय', 'भारतीय', 'महाराष्ट्र राज्य' असलं काही घालू नका. अर्ज अडकतो आणि लोकांचीही फसगत होते. गावाचं किंवा तालुक्याचं नाव पुरेसं आहे. अर्ज, मेमोरँडम आणि जागामालकाचं संमतीपत्र ही कामं एखादा जाणता वकील करून देईल. तुम्ही लक्ष घालायचं ते घटनेत.

नोंदणी झाल्यावर बहुतेक मंडळं झोपतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो, दर वर्षी हिशोब तपासून घ्यावा लागतो. विदर्भात गावोगावी क्रीडा मंडळांचे दोन-दोन गट झालेले दिसतील. प्रत्येक गट म्हणतो खरी कार्यकारिणी आमची, आणि कागदावर अजून वीस वर्षांपूर्वीची नावं असतात. ज्या दिवशी सभा, त्याच आठवड्यात चेंज रिपोर्ट. सचिव असा निवडा ज्याला कागद सांभाळायची आवड आहे. चांगला लढवय्या सचिव केला की दोन्हीकडची कामं बिघडतात.

सभासदांचे प्रकार तीनच ठेवा: लढणारे, पंच आणि हितचिंतक. मताचा हक्क पहिल्या दोघांना. हितचिंतक पैसे देतील, बसायला पुढची खुर्ची घेतील, सत्कार घेतील; मत नाही. सभासद होण्याआधी प्रत्येकाला काही महिने उमेदवार म्हणून ठेवा आणि त्या काळात त्याला हत्यार देण्याआधी पंचाचा मदतनीस म्हणून उभं करा. ज्याला कडेला उभं राहून दुसऱ्याचं चिलखत आवळायचा कंटाळा येतो, तो लढतीतही दुसऱ्याची काळजी घेत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. उमेदवारीनंतर पंच समिती त्याची चाचणी घेते: हा सुरक्षित लढतो का, एवढंच बघायचं, जिंकतो का ते नाही. वर्गणी जून-जुलैत मागू नका, तेव्हा घरात असलेला पैसा बियाण्या-खतात असतो. कापूस विकून हातात पैसा येतो तेव्हा मागा, आणि दोन हप्ते चालू द्या. मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या. दांडपट्ट्यात मुली उत्तम आहेत, आणि बुहुर्तमध्ये महिलांच्या वेगळ्या लढती असतातच.

एक गोष्ट सभासद-अर्जावरच छापा आणि त्याखाली सही घ्या: या संस्थेचं प्रमाणपत्र नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी नाही. गावातला पोरगा तुमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या मनात भरतीचा विचार असतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण 'राज्यस्तरीय' लिहिलेली प्रमाणपत्रं वाटून पोरांची वर्षं वाया घालवणारे लोक आपण सगळ्यांनी बघितले आहेत. तुम्ही तसे होऊ नका. ज्याला भरतीसाठी खेळायचं आहे, त्याला मान्यताप्राप्त तलवारबाजीकडे, म्हणजे फेन्सिंगकडे पाठवा. भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकपर्यंत त्याच खेळातून गेली.

तलवारींचं काय? 'बोथट आहे, म्हणजे शस्त्र नाही' हे डोक्यातून काढून टाका. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 मध्ये तलवार, भाला, परशू यांची नावं घेऊन नोंद आहे. शिवाय सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा साधी काठी घेऊन फिरणंही अडचणीचं होतं. म्हणून पहिली पोलादी तलवार विकत घेण्याआधी ठाणेदारांना भेटा. तोंडी नाही, लेखी अर्ज घेऊन. हत्यारांचे फोटो, मापं, कडेची जाडी, ती कुठे आणि कुणाच्या कुलपात राहणार, सरावाची जागा आणि वार, पंचांची नावं हे सगळं अर्जात हवं. एक नमुना सोबत मागवून दाखवायचा असेल तर तोही त्यांच्या परवानगीने. अर्जाची पोच घ्या. वरून उपविभागीय अधिकारी किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाचं पत्र आणायला सांगितलं तर आणा, कुरकुर नको. राज्य शासनाने 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा, पण त्याने परवानगीची गरज संपते असं समजू नका.

हत्यारं कुलूपबंद पेटीत, पेटी एकाच्याच ताब्यात, वाहतूक चारचाकीतून पत्रासह. मोटारसायकलवर पाठीला तलवार बांधून कुणीही यायचं नाही. मिरवणुकीत, लग्नात, स्टेटसवर तलवार नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही दर महिन्याला वाचता. तुमच्या एका सभासदाने तसं केलं तर त्याच्याबरोबर संस्थेची परवानगी जाईल. घटनेत लिहा: संस्थेच्या मैदानाबाहेर हत्यारासह फोटो टाकला, सभासदत्व रद्द. ही अट मला अतिशय महत्त्वाची वाटते, आणि ती पहिल्यांदा मोडेल तो बहुधा तुमचा सगळ्यात चांगला लढवय्या असेल. तरीही काढा.

संघांना नावं देताना विचार करा. 'मावळे विरुद्ध मुघल' असे संघ पाडायची कल्पना कुणीतरी हमखास काढेल, प्रेक्षक जमवायला ती सोपी आहे. ती मान्य करू नका. हातात तलवार असलेल्या गड्याला मैदानावर धर्म किंवा जात चिकटवली, की एका ढिल्या रिव्हेटचं भांडण गावात महिनोन्‌महिने चालतं. संघ गावाच्या नावाने किंवा रंगाने. आखाड्यात सगळ्या मोहल्ल्यांतली पोरं एकमेकांचं चिलखत आवळताना दिसली पाहिजेत.

हंगाम नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच. गादी, पोलाद आणि टोप मिळून पंचवीस-तीस किलो अंगावर असतात, आणि गादीतून घाम वाळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत चिलखताला हात लावायचा नाही, फक्त वेताचे हात, तेही पहाटे. ऑक्टोबरचा उकाडाही वाईट असतो आणि तेव्हा सोयाबीनची घाई असते. थंडीतसुद्धा लढत मिनिट-दीड मिनिटाच्या फेऱ्यांत ठेवा. कुणाचं बोलणं तुटक झालं, घाम यायचा थांबला, किंवा तो उगाच चिडू लागला, तर आधी टोप काढा, मग गादीच्या गाठी सोडा, सावलीत न्या, ओलं कापड मानेवर आणि काखेत. गाठी एका ओढीत सुटतील अशाच बांधायच्या.

मैदान काळ्या मातीचं नको. पाणी सुकलं की तिला भेगा पडतात. तीस किलो वजनाखाली घोटा त्या भेगेत गेला तर सरळ मोडतो. मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घेतलेलं मैदान हवं. चारी बाजूंनी मांडववाल्याच्या बल्ल्यांचं कमरेएवढं मजबूत कुंपण आणि त्याबाहेर दोन-तीन पावलं मोकळी जागा सोडून दोर. लहान पोरं कुंपणाला लोंबकळतात आणि पोलादाचा गडी कुंपणावर आदळतो. त्या मोकळ्या जागेत फक्त पंचांचे मदतनीस. गाविलगड किंवा नरनाळ्यावर सामने घ्यायचं स्वप्न तुमचंही असेल. हे संरक्षित किल्ले आहेत, भोवती मेळघाटचं जंगल आहे. तिथं दर्शनाला जा, सामने शाळेच्या मैदानावर घ्या.

वैद्यकीय तयारी. सरावालासुद्धा प्रथमोपचार येणारा एक जण, स्पर्धेला डॉक्टर मैदानावर, आणि 108 ची रुग्णवाहिका तालुक्याहून किती वेळात पोचते हे आधी विचारून ठेवलेलं. ग्रामीण रुग्णालयात आदल्या दिवशी पत्र द्या. डोक्याला मार लागल्याचा संशय आला, म्हणजे डोळे तरळले, तोल गेला, तोच प्रश्न परत विचारला, तर त्या दिवशी तो परत उतरणार नाही. "मी बरा आहे" हे त्याचं म्हणणं ऐकायचं नाही. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली किंवा झोपाळला, तर सीटी स्कॅनची सोय असेल तिथंच न्या. मधल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. त्यानंतर किमान तीन आठवडे पोलाद बंद, आणि डॉक्टरांच्या कागदाशिवाय परत प्रवेश नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये प्रत्येक सभासदाने भरलेले असावेत. पण ती मृत्यू आणि अपंगत्वापुरती आहे, मोडलेल्या बोटाच्या खर्चाला ती नाही. गटविमा घेताना धाडसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे पॉलिसीत शोधून वाचा आणि एजंटकडून लेखी घ्या.

पंच कुठून आणायचे, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. अकरांतल्या तिघांना आत्ताच बाजूला काढा, सगळ्यात शांत असलेल्यांना. त्यांना कबड्डी आणि कुस्तीच्या जाणत्या पंचांबरोबर एक हंगाम उभं करा. नियम वेगळे असले तरी गर्दीसमोर निर्णय कसा द्यायचा हे तिथंच शिकता येतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुमच्यापासून फार लांब नाही. 1914 पासूनची ती संस्था आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथं जाऊन शिक्षक कसे घडवतात ते बघा. जो या वर्षी पंच आहे त्याने पुढच्या वर्षी लढावं आणि लढणाऱ्याने पंच व्हावं, अशी पाळी ठेवा, म्हणजे पंचगिरी ही कमी प्रतीची कामगिरी वाटणार नाही. बक्षीस ठेवाल तेव्हा पंचांचं मानधन पहिल्या बक्षिसाच्या आधी बाजूला काढा.

परदेशी महासंघाची संलग्नता, त्यांचे नियम, तिकडे संघ पाठवणं, हे सगळं दोन हंगाम विनाअपघात पार पडल्यावर. तोवर त्यांची नियमावली उतरवून घ्या आणि तिचं मराठी करा. घटनेचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा; पंच समितीचं कलम आणि हकालपट्टीचं कलम मी आधी वाचेन, बाकीचं तुमचा वकील बघेल.